कोंडिबाची सावड

कामथडीत तुम्ही कुणाचं भात कापायला गेलात, की तो तुमचं कापायला येतो. याला सावड म्हणतात. घेतली की फेडायची. न फेडणाऱ्याच्या बांधावर पुढच्या सुगीला कुणी फिरकत नाही.

सुलक्षणाचं भात पिकून आडवं व्हायला लागलं होतं, आणि सावड मागायला तिला तोंड नव्हतं. मागितली तर फेडायला घराबाहेर पडावं लागणार. घरात सासरे होते.

कोंडिबांना काही आठवेनासं झालं होतं. भोरच्या डॉक्टरांनी त्याला स्मृतिभ्रंश म्हटलं, गावानं म्हातारचळ. जेवून हात धुतले की ते विचारत, "आज सैपाक न्हाई व्हय?" सुलक्षणाकडे बघून विचारत, "बाय, तू कुणाची गं?"

"तुमचीच की, आबा."

"मग बरं हाय," म्हणत आणि चहा पीत. याचं तिला हसू यायचं. अवघड होतं ते दुसरंच. उजाडलं की आबा "सावड हाय" म्हणत विळा शोधत आणि चालू लागत. मागच्या सुगीत ते गेनबाच्या वावरात शिरले. हिरवं, दूध भरलेलं भात कापलं. ओळीनं, नीट पसरून ठेवलं. गेनबानं दारात येऊन गल्ली गोळा केली.

तेव्हापासून सुलक्षणा बाहेर जाताना दाराला कडी घालायची. एक दिवस परतली तर आबा दाराआड बसून रडत होते. दार बडवून हात सोलले होते. नणंदेचा पुण्याहून फोन आला. "माझ्या बापाला कोंडून ठेवतेस म्हणं." त्या दिवसापासून तिनं कडी घालणं सोडलं. ती घरीच राहू लागली. हळदीकुंकू सुटलं, माहेर सुटलं. बायका आधी हाक मारायच्या. मग त्यांनीही सोडलं.

"मजूर बघतो," तिचा नवरा बंडू म्हणाला. तो टेम्पो चालवायचा.

"कुठं बघता? समदे कंपनीत जात्यात."

"मग एकदा घाल की कडी. भात झडंल समदं."

"झडू द्या," ती म्हणाली. मग चुलीपुढं बसून रडली. वर्षाचं खाणं होतं ते.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई बायका घेऊन गल्लीतून निघाली होती. सावड कुणाकडे कधी, हे गावात तीच ठरवायची.

"सुलक्षणे, तुझं भात कवा कापायचं? पाखरं जेवल्यावर?"

"फेडू कशी, मावशी? आबांना टाकून येता येत न्हाई."

"टाकून ये कोण म्हणतंय? घिऊन ये."

"आन् पुन्यांदा कुणाचं कच्चं कापलं म्हंजी?"

"आमचं समदं पिकलंय. कापंनात का! मला तेवढंच वाकाय कमी."

बायका हसल्या. हसणं ऐकून कोंडिबा उंबऱ्यात आले.

"सावड हाय का?"

"हाय की, आबा. आज गेनबाकडं," अंबूबाई म्हणाली.

"चला मग. भिमाची फेडायची राह्यलीय."

भिमा म्हणजे गेनबाचा बाप. कोंडिबांची बायको गेली त्या साली त्यानं माणसं जमवून यांचं सगळं भात कापून दिलं होतं. पुढच्या सुगीआधी तोच गेला. अंबूबाईनं हे सांगितलं तेव्हा सुलक्षणा दाराला धरून उभी राहिली. इतकी वर्षं या घरात राहून तिला हे ठाऊक नव्हतं. बंडूलाही नव्हतं.

त्या दिवशी गेनबाच्या बांधावर आबांना बसवलं. विळा कुणी दिला नाही. भारे बांधायला पेंढ्याचे बंध वळायला दिले. त्यांचे हात ते विसरले नव्हते. गेनबा जवळ येऊन डोकं खाजवत राहिला.

"आबा, म्या मागं लई वरडलो तुमच्यावर."

"तू कोण?"

"भिमाचा पोरगा."

"तुझ्या बाला सांग, कोंडिबा आलाय."

गेनबा मान हलवून कापायला वळला.

दुपारी भाकरी खाताना अंबूबाईनं ठरवून टाकलं. आबांपाशी एक बाई पाळीनं बसेल. तिचा दिवस कापणीचाच धरायचा. "बसून बी सावड?" एकीनं कुरकुर केली. "मग तू बस उद्या," अंबूबाई म्हणाली, "संध्याकाळी सांग, कोण जास्त दमलं."

दुसऱ्या दिवशी ती बाई संध्याकाळी काही बोलली नाही.

चार दिवसांनी सगळ्या सुलक्षणाच्या वावरात उतरल्या. तिनं आपली पात, आपल्या वाट्याची ओळ, धरली आणि आबा बसले होते त्या बांधाकडं मान न वळवता शेवटपर्यंत कापत गेली. उठली तेव्हा कंबर दुखत होती. बरं वाटत होतं.

गेनबाही आला होता. त्यानं आबांना विचारलं, "फिटली का सावड?"

"कसली?" आबा म्हणाले. मग अंबूबाईकडं वळले. "उद्या कुणाकडं?"

"माझ्याकडं."

"येतो."

"मी बी येते," सुलक्षणा म्हणाली.