आप्पाच्या ब्लूटूथमधलं पाणी

परवा इथंच ग्रुपवर एका पोरानं विचारलं होतं — कानात घालायचे वायरलेस इयरबड घेतलेत, गाणी झक्कास वाजतात, पण कॉल लावला की समोरच्याला माझा आवाजच जात नाही, माईकचं काय करू? खाली धडाधड उपाय आले. फुल चार्ज कर, पेअरिंग काढून परत जोड, माईकचं भोक साफ कर, वाऱ्यात उभा राहू नको, दुसऱ्या फोनला लावून बघ... मी ते वाचत होतो आणि एकेक उपाय बोटावर मोजत होतो. कारण हे सगळे उपाय मी एकदा करून बसलोय.

आधी माझ्याबद्दल सांगतो. भूत, चकवा, हडळ, करणी — माझा कशावर काडीचा विश्वास नाही. असेल कसा? घाटनांदूरच्या स्टेशन रोडवर भुताच्या जेवढ्या गोष्टी फिरतात, त्यातल्या निम्म्या मीच सोडलेल्या आहेत. रेल्वे पुलाखालची केस विंचरणारी बाई माझी. बाभळीत बसून विडी मागणारा म्हातारा, तोही माझाच. हलवाई आपल्याच जिलेबीवर तुटून पडत नसतो, तसं आहे ते. माझं नाव मन्मथ, पण गावात मला सरळ 'थापाड्या' म्हणतात. पुढचं वाचून तुम्हीही म्हणाल, म्हणा. माझी काही तक्रार नाही.

तर... इनकमिंग फुकट झालं ती वर्षं. गावोगाव टॉवर उभे राहिले. माणसाच्या घरी नळ नव्हता, पण खिशात मोबाईल होता. माझं स्टेशन रोडला रिचार्जचं दुकान, आणि दुकानातच एका टेबलावर माझा दोस्त रफिक मोबाईल दुरुस्ती करायचा. रफिक म्हणजे असा माणूस की विहिरीत पडलेला फोन त्यानं बोलता केलता, आणि तो फोन दोन दिवस बेडकाच्या आवाजात बोलत होता. (ही थाप आहे. पुढच्या नाहीत.)

माझा थोरला भाऊ, आप्पा, गावाकडं शेती बघायचा. दुकानापासून दोन-तीन कोसांवर आमचं शिवार, तिथं त्याची मोसंबीची बाग. 'त्याची' मुद्दाम म्हणतो. घरातल्या सगळ्यांनी नको म्हणल्यावर त्यानं लावली, एकेक रोप लेकरासारखं वाढवलं. आप्पाला मूलबाळ नव्हतं. ह्याच्यावर मी जास्त बोलणार नाही.

त्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला. दोन पावसाळे कोरडे गेलते. मोसंबीची पानं पिवळी पडून गळायला लागली, फांद्यांचे शेंडे वाळायला लागले. आप्पा टँकरचं पाणी बादलीनं झाडाच्या बुडाला घालायचा, म्हणजे हत्तीला चमच्यानं पाजायचं काम. बोअर आधी दोन पाडून झालते, दोन्ही फेल. दुसऱ्या बोअरच्या वेळी वैनीनं बागेतच त्याचा हात धरून कबूल करून घेतलतं — आता जमिनीला भोक न्हाई पाडायचं. बाग ऱ्हाईल ती ऱ्हाईल, जाईल ती जाईल.

दोन्ही हातात बादल्या असल्या की आप्पाला फोन उचलता यायचा नाही. म्हणून मी हैदराबादहून त्याला ब्लूटूथ आणून दिलं. आजच्यासारखे दोन दाणे नाहीत, एकाच कानावर अडकवायचं, निळा दिवा लुकलुकणारं. ते घालून आप्पा गावातनं गेला की लोकांना वाटायचं, खासदाराचा पीए चालला.

पहिल्याच दिवशी मी दुकानातनं त्याला फोन लावला. त्यानं उचलला. आणि... नुसतं पाणी.

म्हणजे पाण्याचा आवाज. धो धो, अखंड. श्रावणात कपिलधारला धबधब्याखाली उभं राहिलं की कान कसे भरून जातात, तसा. मी "आप्पा, आप्पा" करतोय, आणि पलीकडं पाणी चाललंय.

थोड्या वेळानं त्यानंच साध्या फोनवरनं उलटा कॉल केला. "कावून रे? तुझं सगळं ऐकू येत होतं मला. मी कवाचा बोलतोय, तू आपला आप्पा आप्पा वरडतोस."

"आप्पा, मोटार चालू हाय का कुठं?"

"मोटार? विहिरीत चिमण्या उतरून फिरायल्यात मन्म्या, मोटार कशावर चालवू? थुंकीवर?"

आम्ही म्हणलो, माईक गेला. ब्लूटूथ दुकानात आणलं. रफिकनं रात्रभर चार्जिंगला लावलं. सकाळी पेअरिंग काढून, चार शून्यांचा कोड टाकून परत जोडलं. माईकचं बारीक भोक ब्रशनं साफ केलं, स्पिरिट लावलं. मग स्वतःच्या कानात घालून रस्त्यावर उभा राहिला आणि मला कॉल केला. आवाज एकदम खणखणीत.

"इसमें कुछ खराबी नै यार," रफिक म्हणला. "तेरे भाई के कान में खराबी होगी."

आप्पा ते घेऊन बागेत गेला. फोन लावला, पाणी.

वारा असेल म्हणून भोकावर कापूस लावला. तरी पाणी. माझा फोन बदलला, आप्पाचा फोन बदलला, कार्ड बदललं. पाणी. शेवटी रफिक चिडला, गाडी काढून बागेत गेला, ब्लूटूथ आपल्या फोनला जोडून स्वतःच्या कानात घातलं आणि मला कॉल केला. मला त्याचा एक शब्द ऐकू आला नाही. ब्लूटूथ काढून तो साध्या फोनवर बोलला तेव्हा मागं होले घुमत होते, पाण्याचा थेंब नाही. बांध ओलांडून शेजारच्या रानात गेला, तिथनं ब्लूटूथवर आवाज साफ. परत आत आला की धो धो.

"मन्मथ," तो साध्या फोनवर हळू आवाजात म्हणला, "मशीन ठीक है. जगह का कुछ है."

आता तुम्हीच सांगा, दुष्काळातल्या गावाला असली बातमी कळल्यावर काय होणार? दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी फोन स्पीकरवर टाकला. तो आवाज असा होता की दुकानातल्या रिचार्ज कूपनांना ओल धरते की काय असं वाटलं. उन्हात आलेली माणसं गप्प होऊन ऐकत बसली. एका म्हातारीनं तोंडावरनं ओला हात फिरवावा तसा कोरडाच हात फिरवला. हसू नका. मीही फिरवला.

आणि मग डोक्यात आलं ते आलंच. आवाज सगळ्या बागेत सारखा नव्हता. उत्तरेच्या बांधाकडं बारीक, मधल्या ओळींत मोठा. नारळ हातावर ठेवून पाणी बघणारा माणूस आम्ही आधी दोनदा बघितला होता. ह्याला तर नारळ पण लागत नव्हता.

मी आप्पाला फोनवर चालवायला लागलो. त्याला माझं ऐकू यायचं, मला त्याचं नाही. "डावीकडं... अजून... मागं ये, कमी झाला... आता थोडं पुढं. थांब! आप्पा, थांब तिथंच!" तिथं आवाज असा फुटला की स्पीकर फाटतो का काय. दुकानात लोक टाळ्या वाजवायला लागले. तिकडं आप्पानं टाचेनं माती उकरून खूण केली.

तासाभरात वैनी दुकानात हजर. पदर खोचलेला.

"भाऊजी, तुमच्या तोंडाला कुलूप लावा न्हाईतर मी लावते. तुमच्या थापा स्टेशनावर ठिवा. माझ्या घरात कावून आणता?"

"वैनी, मी कायच बोलत न्हाई. तुमी ऐका."

आप्पा खुणेवरच उभा होता. मी कॉल लावून फोन त्यांच्या कानाला दिला. वैनी उभ्याच ऐकत होत्या. मग स्टुलावर बसल्या. लई वेळ बसल्या. फोन परत देताना एवढंच म्हणल्या, "त्यास्नी ह्यातलं काय बी ऐकू येत न्हाई?"

"न्हाई. ज्याच्या कानात हाय त्याला न्हाई येत."

"मग ते कशावर इश्वास ठिवतेत?"

मी म्हणलो, "माझ्यावर."

वैनी उठल्या. जाताना बोअरला नको म्हणल्या नाहीत.

बोअरची गाडी आली. तमिळ माणसं, मोडकं हिंदी बोलणारी. खूण बघून त्यांचा मुकादम म्हणला, "सेठ, ये किसने बताया?" आप्पानं सांगितलं, फोननं. तो बराच वेळ आमच्या भावाच्या कानाकडं बघत राहिला म्हणतात.

मी दुकानातच थांबलो. जीव तिकडं होता, पण मशीनच्या धडधडीत बागेत उभं राहून फोनवर काय कप्पाळ ऐकू येणार? म्हणून ऐकणारा माणूस लांब पाहिजे होता. आप्पा ब्लूटूथ घालून खुणेपाशी उभा राहिला, मी कॉल जोडून बसलो, बाजूला रफिक.

मशीन सुरू झालं ते वैनींनी बागेतनं रफिकच्या फोनवर सांगितलं तेव्हा मला कळलं. कारण ब्लूटूथवर मशीन ऐकूच येत नव्हतं. एवढं राक्षसासारखं मशीन आप्पाच्या पुढ्यात जमीन फोडतंय, आणि माझ्या कानात त्याचा टक् नाही. नुसतं पाणी. आणि ते वाढत चाललं. धबधब्याचा पूर झाला. पुरात काहीतरी गडगडत वाहून येतंय असं वाटायला लागलं. रफिकनं कान लावला आणि झटक्यानं काढला. "अल्ला," म्हणला, "निकल रहा है."

मी ओरडायला लागलो, "आप्पा, जवळ आलं! अजून थोडं! थांबवू नको!"

आणि आवाज बंद पडला.

कमी झाला नाही. बंद पडला, पाटाचं दार टाकल्यासारखा. क्षणभर काहीच नाही. आणि मग एकदम मशीनची धडधड, माणसांची बोलणी, कुत्रं, आणि ह्या सगळ्याच्या पुढं माझ्या भावाचा आवाज. त्या ब्लूटूथवर बागेतनं मला पहिल्यांदाच ऐकू आलेला आवाज, इतका स्वच्छ की त्याचा श्वास कळत होता.

"मन्म्या... ऐकू येतंय का रे माझं?"

"येतंय आप्पा."

"धूळ निघायलीय. नुसती पांढरी धूळ."

मागं मुकादम म्हणत होता, "पत्थर है सेठ, पूरा पत्थर. बंद करें?" आप्पा म्हणला, अजून एक रॉड घाल. मग अजून एक घाल म्हणला. मी फोन कानाला लावून ते सगळं ऐकलं. शेवटी वैनींचा आवाज आला, "आवो, पुरं आता." मशीन थांबलं.

त्या दिवसापासनं ब्लूटूथचा माईक एक नंबर चालतो. बागेत, घरात, मोटारसायकलवर, कुठंही.

मृग कोरडा गेला. पुढचा पाऊस आला तोवर झाडांचं सरपण झालतं.

लोकांचं काय सांगू. टाळ्या वाजवणारे म्हणायला लागले, आम्हाला तसं काय स्पष्ट ऐकू आलं नव्हतं, मन्मथ म्हणला म्हणून आम्ही हो म्हणलो. कोण म्हणलं, दुकानात कॅसेट लावली होती थापाड्यानं. अंबाजोगाईच्या एका प्राध्यापकांना विचारलं, तर ते म्हणले, जमिनीखालचं पाणी असं वाहत नसतं, आणि एवढाल्या माईकला तर मुळीच ऐकू येत नसतं. आमच्या जंगम महाराजांनी ब्लूटूथ हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि कपाळाला भस्म लावून परत दिलं. रफिकनं ते उघडून बघितलं. आत एवढीशी हिरवी पट्टी आणि मसुरीएवढा माईक. "इसमें तो कुछ हैच नै," म्हणला आणि बंद केलं. वैनी तेवढ्या बदलल्या नाहीत. कुणी विषय काढला तर म्हणायच्या, "मी ऐकलंय," आणि आत जायच्या.

तुमच्यातल्या कुणाला ह्याचं कारण माहीत असेल तर लिहा. मला एवढ्या वर्षांत सापडलं नाही. दुसऱ्याच्या कॉलची लाईन घुसली म्हणावं तर ती बांधापाशी येऊन थांबायची कशी? आणि खाली पाणी होतं म्हणावं, तर मग गेलं कुठं?

झाडं तोडल्यावर मी बागेत गेलतो. आप्पा बुडखे उकरत होता. माझ्यावर तो एका शब्दानं चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मी चार गोष्टी रचून सांगितल्या असत्या. कुदळीवर हात ठेवून त्यानं विचारलं,

"कसा होता रे आवाज?"

मी सांगितला. काही वाढवलं नाही. वाढवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"खालून यायचा? का लांबनं कुठून?"

"आप्पा, फोनात ते कळत न्हाई. सगळं कानाशीच असतं. लांबचं, जवळचं, एकच."

त्यानं मान हलवली. बराच वेळ उघड्या रानावरनं नजर फिरवत राहिला. आधी उत्तरेचा बांध, मग ओढ्याची कड, मग तिकडं मधल्या ओळींची जागा.

"म्हंजे हाय कुठं तरी," तो म्हणला.

त्यानं हातावर थुंकून कुदळ उचलली, आणि पुढचा बुडखा उकरायला घेतला.