पेटी ठेव गो खाली

कोपरीतल्या आमच्या शाळेत व्हीलचेअरवर येणाऱ्या एका मुलीसाठी रॅम्प बांधायचा होता, म्हणून आम्ही पालकांनी मैदानात फनफेअर भरवलं. मी दानपेटी घेऊन फाटकात उभी होते. लोक नजर चुकवून आत जात होते.

शेजारच्या स्टॉलवर लुगडं नेसलेल्या एक म्हाताऱ्या ख्रिस्ती मावशी फुगे, म्हणजे मैद्याचे गोल फुगीर वडे, तळत होत्या. मुठीत सैलसर पीठ घेऊन अंगठ्याजवळून एकेक गोळा अलगद तेलात सोडायच्या. असेच फुगे विकून त्यांच्या चर्चचं छप्पर दुरुस्त झालं होतं.

"पेटी ठेव गो खाली," त्या मला म्हणाल्या. "मागितलं की लोक लांब जातात. काम दिलं की जवळ येतात."

मग त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना हाका मारून कुणाला पीठ फेटायला, कुणाला नारळ खवायला बसवलं. बसलेल्यांनी ते फुगे हौसेने विकत घेतले, शेजाऱ्यांनाही फोन करून बोलावलं. माझी पेटी कोपऱ्यात तशीच राहिली आणि रॅम्प झाला.

रॅम्प सुरू झाला त्या पहिल्या दिवशी मावशी बघायला आल्या. मुलीच्या आईने खुर्ची ढकलायला हात पुढे केला, तो त्यांनी हलकेच धरला.

"नको गो. जाऊ दे तिला एकटी."

मुलगी थांबत थांबत वर पोचली. तेव्हाच त्यांनी आईचा हात सोडला.