आधी पंपाला पाणी

तिला सगळे ठिणगी म्हणायचे. पाणचक्कीतलं धान्य संपलं आणि दगड रिकामेच फिरत राहिले, की दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात. आणि पिठाच्या धुळीनं भरलेल्या खोलीत तेवढी एक ठिणगी चक्की जाळायला पुरते. लेकीचा स्वभाव लहानपणीच ओळखून बापानं तिला हे नाव ठेवलं, ते जन्माचं चिकटलं. खरं नाव कुणी विचारलं तर ती म्हणायची, "दळण टाकायला आलायस ना? मग टाक."

आईबाप गेल्यावर चक्की तिनंच चालवली आणि धाकट्या भावाला वाढवलं. ओढ्यावरून पाट काढलेला, पाटाच्या तोंडाशी लाकडाचं उंच चाक, भिंतीपलीकडे लाकडी दातांची चक्रं आणि वरच्या खोलीत दोन दगड. दगड गुळगुळीत झाले की ती स्वतः मांडी घालून त्यांना टाकी लावायची, छिन्नीनं खाचा पाडायची. लग्नासाठी एकजण बघायला आला होता. त्यानं बसल्या बसल्या चक्की विकायची गोष्ट काढली. चहा संपायच्या आत तिनं त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

मग वर डोंगरात बंद पडलेली जुनी खाण पुन्हा सुरू झाली. खाणीचा मॅनेजर चक्कीत आला, टोपी हातात घेऊन गोड बोलला. "बाई, पाणी आम्ही पिऊन टाकणार नाही. आमच्या चाकावरून घेऊ आणि पुन्हा ओढ्यात सोडू. तुमचं पाणी तुम्हाला."

तिला ते पटलं. पाण्यानं आधी त्यांचं चाक फिरवलं काय आणि मग आपलं फिरवलं काय, पाण्याचं काय जातं?

पण पाणी परत आलं ते राखाडी होऊन. खाणीत दोन चाकं बसवली होती. एका चाकावर पंप चालायचा, तो खालच्या बोगद्यांत झिरपणारं पाणी उपसायचा. दुसऱ्या चाकावर लोखंडी टोकांची जाडजूड मुसळं वरखाली व्हायची आणि खाणीतला दगड कुटायची. त्या मुसळांचा आवाज खोऱ्यात घरोघरी यायचा. दगडाची ती पूड पाण्याबरोबर खाली यायची, पाटात बसायची, चाकाच्या आसात शिरायची आणि पाटावर धुतलेल्या धान्याला चिकटून पिठात उतरायची. शिवाय वरच्या तळ्यात खाणवाले पाणी अडवून ठेवायचे आणि त्यांच्या मनाला येईल तेव्हा सोडायचे. निम्मं दळण झालेलं असताना ठिणगीचं चाक थबकायचं. ती पाटाच्या काठावर उभी राहून डोंगराकडे बघत शिव्या घालायची, पण मुसळांच्या दणक्यात त्या कुणाला ऐकू जाणार?

अशात धाकट्या भावानं सांगितलं, "मला खाणीत काम मिळालंय. पंपावर."

"माझं पाणी पळवणाऱ्याच्या घरी तू पाणी भरणार?"

"ताई, पाणी तिकडे गेलंय. मी पाण्याच्या मागनं चाललोय."

भाऊ खाणीच्या चाळीत राहायला गेला. पुढं कितीतरी महिने दोघांत एक शब्द नाही. तरी ती स्वयंपाक दोघांचाच करायची आणि उरलेलं पाहून पुन्हा त्याच्यावरच चिडायची.

एका वर्षी पावसानं पाठ फिरवली. ओढा नावापुरता राहिला. चक्की थंड पडली, आणि एका दुपारी बेकरीवाला स्वतःची पोती परत न्यायला आला. "रागावू नकोस," तो दारातूनच म्हणाला, "पण तुझ्या पिठात कचकच लागते. काल एका म्हाताऱ्याचा दात हलला."

"माझ्या पिठात नाही, त्यांच्या पाण्यात आहे!"

"असेल. पण पाव मी विकतो ना."

तो गेल्यावर तिनं वरचा दगड उचलायची पहार घेतली आणि डोंगर चढायला लागली. आज तळ्यापासून निघणारी लाकडी पन्हळ फोडायची, पाणी मोकळं करायचं, मग काय व्हायचं ते होवो. चढताना तिनं मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भावाच्या पिढ्यांचा करता आला नाही, कारण त्या तिच्याही होत्या.

वर पोहोचली तर मुसळांनी जमीन हादरत होती. पन्हळीला पुढे दोन्ही चाकांकडे जाणारे दोन फाटे होते. प्रत्येक फाट्यावर पाणी अडवायची एकेक फळी. मुसळांचं चाक जोरात फिरत होतं. त्याच्या शेजारचं पंपाचं चाक मात्र कोरडं ठणठणीत उभं. आणि त्या चाकापाशी तिचा भाऊ मॅनेजरसमोर हात जोडून ओरडत होता. त्या आवाजात ओरडल्याशिवाय बोलताच येत नव्हतं.

"साहेब, खाली पाणी चढतंय! खालच्या बोगद्यात माणसं आहेत!"

"काम सुटेपर्यंत घोट्याच्या वर येत नाही. पाणी एकाच चाकापुरतं आहे. आज हा दगड कुटून झालाच पाहिजे."

"सकाळीपण हेच म्हणालात!"

ठिणगी जागच्या जागी थांबली. पन्हळ फोडली असती तर पंप कायमचा बसला असता. पण खरं सांगायचं तर आधी तिला दिसले ते भावाचे जोडलेले हात. तिनं वाढवलेलं पोर या माणसापुढं हात जोडून माणसांच्या जिवाची भीक मागत होतं.

"मुसळांची फळी कुठली?" तिनं विचारलं.

भावानं वळून पाहिलं. आश्चर्य वाटायलाही वेळ नव्हता. "डावी!"

तिनं पहार घालून डावी फळी खाली ठोकली आणि उजवी उचकटून वर काढली. पाणी वळलं. मुसळं एकेक करत थांबली, आणि खोऱ्यात अशी शांतता पसरली की कानांत दडे बसल्यासारखं वाटलं. मग पंपाचं चाक कण्हत कण्हत हललं.

"ए बाई!" मॅनेजर धावून आला. "ही खाणीची मालमत्ता आहे. बाजूला हो!"

"हात लावून बघ," ती पहार आडवी धरून म्हणाली. "लाव ना!"

भाऊ तोवर शिडीनं खाली उतरला होता, माणसांना हाका मारत. मुसळं बंद का पडली ते पाहायला वरचे कामगार धावत आले होते. त्यांना पाहून मॅनेजरनं आवाज खाली आणला. "उगाच घबराट कशाला? घोट्याएवढं पाणी आहे."

"घोट्याएवढं ना?" ठिणगी म्हणाली. "मग उतर शिडी. तू बोगद्यात जाऊन उभा राहा, मी लगेच तुझी मुसळं चालू करते. चल, उतर."

मॅनेजर हलला नाही. कामगार बघत होते. तो हलला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

माणसं वर यायला लागली ती छातीपर्यंत भिजलेली. सगळ्यांत शेवटी भाऊ आला, एकटाच. बोगद्याला आधाराचे खांब लावणारा म्हातारा मागं राहिला होता. बाकीच्यांना त्यानं पुढं काढलं; तो निघेपर्यंत मधल्या उताराला पाणी छताला टेकलं. पंपानं रात्रभर उपसा केला तेव्हा कुठं त्याचा देह हाती लागला.

मॅनेजरनं सगळ्यांना अंगणात गोळा करून सांगितलं, "वाईट झालं. पंप दिवसभर चालू होता, तरी अचानक झरा फुटला. अपघात आहे, कोण काय करणार?"

म्हाताऱ्याची बायको पुढं आली. ती रडत नव्हती. "पंप दिवसभर चालू होता?"

"होय, आजी."

"आणि पाणी एकाच चाकापुरतं आहे, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता. मग मी दिवसभर घरात बसून ऐकत होते, ती मुसळं कशावर चालली होती?"

खोऱ्यात तो आवाज ऐकला नाही असं एक घर नव्हतं.

त्यानंतर एकही माणूस खाली उतरला नाही. आधी पंपाला पाणी, उरलं तर मुसळांना. आणि फळ्यांना कुलूप लावून किल्ली पंपवाल्याच्या कमरेला. एवढं मान्य होईपर्यंत खाण बंद राहिली. वरच्या मालकांनी शेवटी मान्य केलं. मॅनेजरला शिक्षा मात्र झाली नाही. त्याची दुसऱ्या खाणीवर बदली झाली, म्हणे बढती देऊन. ते ऐकलं त्या दिवशी ठिणगीनं हातातलं माप भिंतीवर फेकलं. पुढं कुणी "जाऊ दे आता, झालं गेलं" म्हणालं, तर ती त्याच्याशी बोलायचंच सोडून द्यायची.

चक्कीचं म्हणाल तर ती पूर्वीसारखी कधीच चालली नाही. खाणकामगारांनी आपणहून पाटाच्या वर गाळ बसायला मोठा खड्डा खणून दिला. त्यानं पीठ सुधारलं, पण ओढा भरून वाहतो त्या दिवसांतच दळण व्हायचं. एरवी दगड गप्प.

भाऊ घरी जेवायला यायला लागला. ठिणगी त्याला वाढायची आणि रोज तेच विचारायची, "सकाळीच का नाही पाडलीस ती फळी? हात होते ना तुला?"

तो खाली मान घालून जेवायचा. एकदा मात्र घास हातात तसाच राहिला. "भीती वाटली, ताई. काम जाईल म्हणून. तुझ्याकडं परत यायला तोंड नव्हतं म्हणून."

तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "मूर्खा," ती म्हणाली, "हे घर काय त्या मॅनेजरच्या बापाचं होतं?"

पुन्हा तिनं तो प्रश्न विचारला नाही. म्हाताऱ्याच्या बायकोकडे ती दर आठवड्याला पीठ घेऊन जायची. दोघी पायरीवर बसायच्या आणि मॅनेजरला मनसोक्त शिव्या घालायच्या.