चाकाला तार

मला अजूनही संताप येतो तो त्या तारेचा.

मुखेडला उताराच्या वर घर आणि खाली माझं शिवणकामाचं दुकान. लहानपणीच पाय गेले, त्यामुळे हातानं चालवायची तीनचाकी हेच माझं वाहन. एक्सलवरून चाक बाहेर सरकू नये म्हणून तिथल्या खाचेत एक कडी बसते, तिला सर्कलिप म्हणतात. ती तुटली. मेकॅनिकनं खाचेत तार गुंडाळली आणि "झालं अक्का" म्हणत हात पुसले.

त्याच सकाळी माझ्या धाकट्या भावाच्या मोटारसायकलच्या साखळीची टोकं जोडणारं लॉकही तुटलं होतं. ते मात्र यानं न विचारता नवं बसवलं. मी म्हटलं, त्याला का नाही तार? तर म्हणे, "त्यायला रोज लांब जावं लागतंय. रस्त्यावर धोका नको. तुमाला कुठं लांब जायचंय?"

पुढच्याच बाजाराच्या दिवशी उतारावर तार तुटली, चाक निघालं आणि मी रस्त्यावर. गिऱ्हाइकांचे ब्लाउज धुळीत, कोपर सोलून निघालेलं. लोक "बिचारी, बिचारी" करत धावले. बिचारी कसली? तार गुंडाळणाऱ्याला कुणी एक शब्द बोललं नाही.

भाऊ म्हणाला, "मीच सोडत जातो रोज. तीनचाकी कशाला पायजे आता?" प्रेमानंच म्हणाला, तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काही दिवस बसले त्याच्या मागं. त्याचा चहा होईस्तोवर दुकानाला कुलूप, त्याच्या गप्पा संपेस्तोवर मी पायरीवर.

शेवटी एक्सल काढायला लावला, ब्लाउजपीसमध्ये गुंडाळला आणि नवी कडी आणायला भावाला घेऊन एसटीनं नांदेड गाठलं. स्पेअर पार्टच्या दुकानात एक्सल माझ्या मांडीवर, पण दुकानदार सगळं विचारणार भावाला! त्यानं काढलेल्या पहिल्या कडीचे कान आतल्या बाजूला होते.

"ही भोकात दाबून बसवायची," मी म्हटलं. "मला एक्सलला बाहेरून धरणारी पाहिजे."

"साईज सेमच हाय की."

"साईज घेऊन काय करू? ती धरणार कशाला?"

दुसरी खाचेत बसली, पण बोटानं गरागरा फिरली. "थोडं चलतंय," तो म्हणाला, पुन्हा भावाकडेच बघून.

"तुमच्या घरच्यांच्या ब्लाउजचे हुक मी असे ढिले लावले तर माझ्या तोंडावर फेकतील की न्हाई?"

तो प्रथमच माझ्याकडे बघून बोलला. म्हणाला, "थांबा, दुसरी दाखवतो." तिसरी टक् करून बसली. बोटानं रेटली, हलेना.

घरी आल्यावर मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पक्कडीनं ती कडी फाकवली. "जास्त ताणू नका, ढिली होईल," म्हणत मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. चाक बसलं. जुनी तार मी त्याच्या हातात दिली.

तो भावाला म्हणाला, "आता अक्काला एकटं सोडू नका उतारावर."

भावानं लगेच मोटारसायकल चालू केली. "बस, मी सोडतो. तीनचाकी मागनं आणू. पुन्हा चाक निघालं तर?"

"तर पडीन," मी म्हटलं. "पण तुझ्या मागच्या सीटवर बसून म्हातारी होणार न्हाई."

आणि मी उताराला लागले.