भंगारात गेलेली चार नंबरची प्रेस

महेंद्र साळवे यांनी नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत सत्तावीस वर्षे एकच काम केले. पॉवर प्रेसवर पोलादी साचा, म्हणजे डाय, चढवायचा. आणि तो असा बसवायचा की पत्र्यातून निघालेल्या भागाच्या कडेवरून बोट फिरवले तरी कापू नये. या कामाला पदवी लागत नाही. म्हणूनच बहुधा, त्याला कौशल्य म्हणण्याची पद्धत नाही. महेंद्र यांची दहाही बोटे शाबूत आहेत, हे प्रेस शॉपमध्ये ज्याला कळते त्याला त्यांच्याविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही.

सहा वर्षांपूर्वी एका युरोपीय उद्योगसमूहाने हा कारखाना विकत घेतला. मांडव उभारला, फेटे बांधले गेले, 'जिल्ह्यात परकीय गुंतवणूक' असे फलक लागले. या शब्दप्रयोगाची नीट तपासणी कोणीच केली नाही. नवा कारखाना उभा राहिला नव्हता, नवी प्रेस आली नव्हती, एक माणूस नव्याने लागला नव्हता. जे होते त्याचा मालक बदलला होता, आणि त्या बदलालाच शासनाच्या टिपणांत 'रोजगारनिर्मिती' म्हटले गेले. सवलतींच्या अर्जात जे शहाऐंशी कामगार 'निर्माण झालेले' दाखवले, त्यांत महेंद्र होते. त्या वेळी त्यांची नोकरी एकवीस वर्षांची झाली होती.

मागच्या दसऱ्याच्या आधी नव्या प्लँट मॅनेजरने प्रेस शॉपमध्ये सर्वांना गोळा केले. परदेशातल्या वरिष्ठांना खंडेनवमीचे फोटो हवे आहेत, असे तो म्हणाला. यंत्रांची पूजा करणारे कामगार त्यांनी कुठे पाहिले नाहीत; तेव्हा यंदा पूजा दणक्यात करा. सातही प्रेस पुसून चकाचक करा, जुने तेल काढा, वायरींना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधा, पायाच्या नटबोल्टांना ग्रीस लावा.

"साहेब, तेल कशापायी काढायचं?" काष्टीच्या गोरक्षने विचारले. प्रेसवर महेंद्र यांच्या शेजारी त्याने अठरा वर्षे काढली होती.

"सणानंतर इंपोर्टेड भरायचंय."

"मंग आमालाबी जरा भरा की इंपोर्टेड," गोरक्ष म्हणाला, आणि सगळा शॉप हसला.

महेंद्र बौद्ध, हळदकुंकू लावायला ते कधी गेले नाहीत. पण नवमीच्या आधी यंत्र पुसण्याचे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवले नाही. गोरक्ष दर वर्षी चिडवायचा, "मह्या, पूजा आमची अन् आंघोळ तू घालतो." चार दिवस सगळे खपले. वायरींच्या चिठ्ठ्या महेंद्र यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या. नवमीला सकाळी नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले गेले. महेंद्र दर वर्षीप्रमाणे विजयादशमीला पत्नी यशोधराबाईंसह थेट नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेले. नवमी, दसरा आणि रविवार अशी कारखान्याला सलग सुट्टी होती.

सोमवारी शॉपमध्ये प्रेस नव्हत्या. सिमेंटच्या जमिनीतून वर आलेले बोल्ट होते, आणि त्यांच्याभोवती तुडवलेला झेंडू.

"तेल काढून, वायरीला चिठ्ठ्या बांधून आपुनच सोडवून दिल्या रे," गोरक्ष म्हणाला. "हमालाला तरी हमाली मिळती. आपुन पेढ्यावर भागवलं."

त्यांनी केलेली चूक अडाणीपणाची नव्हती. ज्या वस्तूवर पोट चालते तिची वर्षातून एकदा आदराने निगा राखावी, या समजुतीवर ते चालले. आणि तीच समजूत कोणीतरी वातानुकूलित खोलीत बसून कामाच्या वेळापत्रकात बसवली. यंत्रे बांधून द्यायला बाहेरची माणसे आणली असती तर गेटवर बोंब झाली असती. श्रद्धेला मजुरी पडत नाही. हा हिशोब ज्याने मांडला त्याला आपल्याकडे व्यवस्थापन-कुशल म्हणतात, आणि त्याच्या व्याख्यानाला महाविद्यालये गर्दी जमवतात.

आठवड्याने नोटीस लागली. सातही प्रेस कालबाह्य झाल्याने भंगारात काढल्या आहेत. शहाऐंशी कामगार अतिरिक्त ठरले आहेत. त्यांनी महिनाअखेरपर्यंत स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज द्यावेत. दरम्यान शेजारच्या राज्याने नव्या सवलती जाहीर केल्याची बातमी वर्तमानपत्रात आलीच होती. कामगारांनी सरकारी कामगार कार्यालयात तक्रार केली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच सुनावणीत महेंद्र यांना स्पष्ट सांगितले, "यंत्रं खरंच भंगारात गेली असतील, तर मला फार काही करता येणार नाही. दुसरीकडे चालू असतील, तर हे विनापरवानगी केलेलं स्थलांतर ठरतं. पण पुरावा आणा."

कंपनीने भंगाराची पावती दाखवली. बाकीच्यांकडे संशयापलीकडे काही नव्हते. त्या महिन्यात एकोणीस जणांनी अर्ज भरून टाकले.

महिना संपायला पाच दिवस उरले असताना महेंद्र यांना अमृत दरंदलेचा फोन आला. अमृत घोडेगावचा. त्याच प्रेस शॉपमध्ये तो इंजिनिअर म्हणून लागला, आणि डाय बसवायला महेंद्र यांच्याकडूनच शिकला. दसऱ्यानंतर त्याची बदली झाली होती. कुठे, ते कोणाला माहीत नव्हते.

"दादा, चार नंबर लई त्रास देतीय. माल एका अंगाला बर मारतोय, कड नुसती धार झालीय. डाय तीनदा बदलली."

महेंद्र उठून उभे राहिले. मग म्हणाले, "कुठली चार नंबर? ती तर भंगारात गेली म्हणत्यात."

पलीकडून प्रेसचे ठोके ऐकू येत होते.

"अमृत, फोनवर मला कळत न्हाई. मशीनचा नंबर टाकून, कंपनीच्या मेलवरून लिहून पाठव. नंबरपट्टीचा फोटोबी जोड. मंग सांगतो."

यशोधराबाई ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "त्याला ठाव हाय का तुमी त्या कागदाचं काय करणार ते?"

"न्हाई."

"मंग त्या मॅनेजरात अन् तुमच्यात काय फरक राह्यला?"

महेंद्र संतापले. शहाऐंशी घरांचा प्रश्न आहे, ते म्हणाले, एकाचा विचार कुठवर करायचा. मोठ्या संख्येसमोर लहान संख्या सोडून द्यायची, ही भाषा आपण सहा वर्षे कोणाच्या तोंडून ऐकत आलो, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"अमृत, तो कागद मी कामगार हापिसात लावणार हाय. तुझी नोकरी जाईल. आता ठरव."

"इथं माझ्या हाताखाली कंत्राटी पोरं ठेवलीत, दादा," अमृत म्हणाला. "तीन महिन्यांनी बदलणार म्हणे. परवा एकाचं बोट गेलं." मग म्हणाला, "पाठवतो."

मेल संध्याकाळी आला. यंत्राचा क्रमांक, नंबरपट्टीचा फोटो, शेजारच्या राज्यातल्या एका गावाचे नाव, खाली कंपनीचे बोधचिन्ह. महेंद्र यांनी उत्तर पाठवले: यंत्राच्या मागच्या डाव्या पायाखाली पातळ पत्री सरकवा, ते समपातळीत येईल. ज्या यंत्रावर पोरांची बोटे होती ते वाकडे चालू देणे त्यांना जमले नाही.

मेल कामगार कार्यालयात दाखल झाला. मुदतीच्या आदल्या दिवशी सुनावणीत कंपनीचा वकील म्हणाला, हा पत्रव्यवहार वैयक्तिक स्वरूपाचा आहे.

"भंगार माल काढतं का?" अधिकाऱ्यांनी विचारले, आणि निवृत्तीच्या अर्जांची मुदत थांबवल्याचे, तसेच सातही प्रेस कुठे आहेत याचा खुलासा पंधरा दिवसांत मागवल्याचे नोंदवून घेतले. एकोणीस अर्जही निर्णयापर्यंत रोखले गेले. वकिलाने मग एक कागद पुढे सरकवला: गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल अमृत दरंदले यांना निलंबित करण्यात आले आहे.

"हेबी लिहून घ्या, साहेब," महेंद्र म्हणाले.

"इंजिनिअर कामगाराच्या व्याख्येत बसत नाही. त्याचा विषय इथे येत नाही."

"माल तुमच्या कायद्यात बसतो, मशीन बसतं, आमी बसतो. ज्यानं खरं लिहिलं तेवढाच बसत न्हाई?"

"मह्या, सही कर," गोरक्ष मागून कुजबुजला. "मुदत थांबलीय, ती जायची हातची."

महेंद्र यांनी सुनावणीच्या नोंदीचा कागद दोनदा वाचला आणि सही केली. सहीखाली जी रिकामी जागा होती तिथे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले: 'अमृत दरंदले यांच्या निलंबनास आम्हां शहाऐंशी जणांची हरकत आहे.' वकील म्हणाला, असे लिहिता येत नाही. अधिकाऱ्यांनी कागद ओढून घेतला, ओळ वाचली आणि खाली तारखेचा शिक्का मारला.