झिरोकाकांनी परत उघडलेली अकरा घरं

त्यांना सगळे झिरोकाका म्हणत. अंगकाठी किरकोळ, आवाज त्याहून बारीक, आणि कामाला लागले की झिरोच्या बल्बासारखे तासन्‌तास चालू. नाव कोणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं. अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांची वायरिंग केली. काम संपलं की स्विचबोर्डाच्या झाकणावर, आतल्या बाजूने, पेन्सिलीने तारीख घालायची आणि पुढे एक शून्य काढायचं, ही त्यांची सही. घरमालकाला ती कधी दिसत नसे. कोणी विचारलंच तर म्हणत, "पुढच्या वायरमनला शिव्या घालायला नाव नको का?"

स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. बैठकीतलं एक बटण तीन वर्षं लोंबत होतं आणि स्वयंपाकघरातला पंखा काठीने ढोसल्याशिवाय फिरत नसे. बायको होती तोवर ती बोलायची, आता लेक बोलायची.

लेक जुन्या लाकडी खुर्च्या दुरुस्त करायची. भाड्याची जागा सुटली तेव्हा तिने घरामागची पत्र्याची खोली कामाला घ्यायचं ठरवलं. पण थंडीत तिथे सांधा बसायच्या आधीच लाकूड चिकटवायचा सरस ब्रशवर गोठायचा, आणि उन्हाळ्यात पत्रा तापला की आत पाच मिनिटं उभं राहवत नसे. म्हणजे हीटर हवा, कूलर हवा, भुसा बाहेर फेकणारा पंखा हवा. करवतीचं मशीन होतंच.

"बाबा, एकाच लाइनवर चारही चालतील ना?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने खुर्ची पाण्यात भिजत घालायला सांगितली होती. "हीटर आणि करवत एका लाइनवर? वायर आधी तापेल, मग तुझी खोली. प्रत्येकाला वेगळी लाइन टाकतो."

आठ दिवस काम चाललं. पाइप ओळंब्यात, वाकणं गोल, हीटरची वायर जाड. मुख्य बोर्डात त्यांनी वीजगळती पकडणारा ब्रेकर बसवला. याबाबतीत काका कीर्तनकारच होते. कुठे जराशी वीज वाट चुकून जमिनीकडे निघाली की हा ब्रेकर सगळं बंद करतो, माणूस वाचतो. हा काढून टाका म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं काम अर्धवट सोडून ते शिडीसकट निघून आले होते.

करवत चालली, पंखा चालला, कूलरही चालला. लेकीने हीटरचं बटण दाबलं आणि खोलीतलं सगळं बंद पडलं.

काकांनी ब्रेकर वर केला. हीटर लावला की तो पुन्हा खाली. त्यांनी दुसरा हीटर आणून पाहिला. मग ब्रेकरवर खापर फोडलं आणि नवा ब्रेकर आणला. तोही पडला. काका घामाघूम झाले होते आणि खोली चांगली गार होती.

"दोन्ही ब्रेकर खराब," ते म्हणाले. "ब्रेकरच काढून लाइन थेट जोडून देतो."

लेकीने हातातली कानस खाली ठेवली. हे वाक्य बाबांच्या तोंडून तिने जन्मात ऐकलं नव्हतं. "तुम्हीच म्हणता ना, ब्रेकर खोटं बोलत नाही, वायरमन बोलतो?"

"मग मी खोटं बोलतोय?"

मेन स्विच बंद करून तिने हीटरच्या सॉकेटचे स्क्रू काढले. लहानपणी बाबांसाठी टॉर्च धरता धरता तिला एवढं कळायला लागलं होतं, की लाल वायर वीज आणते, काळी परत नेते, आणि हिरवी जमिनीत जाते, ती फक्त संकटासाठी. इथे काळीच्या जागी हिरवी होती आणि हिरवीच्या जागी काळी. हीटरची वीज जमिनीच्या वाटेने परतत होती आणि ब्रेकर आपलं काम इमानाने करत होता.

तिने हिरवी वायर बोटात धरून पुढे केली. "ही कुठली?"

"काळी," काका म्हणाले.

मग तिचा चेहरा बघून त्यांनी वायर हातात घेतली, दाराशी उजेडात नेली, डोळ्यांच्या अगदी जवळ धरली.

मोतीबिंदू आहे, असं डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. काकांनी ते घरी सांगितलं नाही. डोळे गेले म्हणून बोभाटा झाला तर काम कोण देणार, ही भीती. लाल तेवढी ओळखू येत होती, शिवाय टेस्टरचा दिवा होताच. पण टेस्टर फक्त वीज आणणारी वायर दाखवतो. काळी आणि हिरवी त्याला सारखीच, आणि वर्षभर काकांनाही.

"तुम्हाला दिसत नाही हे मला सांगायला काय झालं होतं?" लेक म्हणाली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं.

काका खाली स्टुलावर बसले आणि बोटांवर काहीतरी मोजू लागले. "अकरा," ते शेवटी म्हणाले. "वर्षभरात अकरा घरं. त्यातल्या नऊ घरांत मी नुसती जादा लाइन टाकली, मुख्य बोर्ड जुनाच, ब्रेकर नाही. तिथे चूक असली तरी कळायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. शिडी लेकीच्या खांद्यावर, पिशवी काकांच्या. प्रत्येक दारात काका आधी स्वतः सांगत, "माझे डोळे अधू झालेत. काम चुकलं असेल. ही माझी मुलगी, ही तपासेल." एका बाईने ऐकून घेतलं आणि मुकाट्याने बाजूला झाली. एकाने तोंडावर दार लावलं, तासाभराने परत उघडलं. पहिल्या तीन घरांत सगळं ठीक निघालं. चौथ्या घरात कपडे धुण्याच्या मशीनमागे हिरवी आणि काळी उलटी होती.

घरमालक कंटाळला होता. "काका, दहा महिने मशीन छान चालतंय. कशाला उगाच उकरून काढताय?"

"चालतंय म्हणूनच आलोय," काका म्हणाले. "बंद पडलं असतं तर तुम्हीच बोलावलं असतं. आत्ता मशीनचा पत्रा या काळ्या, परतीच्या वायरीला जोडलाय; ती मागे कुठे तुटली, तर त्याच पत्र्यात वीज उतरेल. तुमच्या बायकोचे हात ओले असतील."

घरमालकाने स्वतःहून टॉर्च धरला.

अकरा घरांना सहा दिवस लागले. तीन ठिकाणी चूक निघाली. प्रत्येक झाकणावरचं शून्य काका आधी अंगठ्याने पुसत आणि लेकीचं तपासून झालं की पुन्हा काढत. तेवढ्या दिवसांत गावभर व्हायचा तो बोभाटा झाला. ठरलेल्या दोन नव्या कामांचे फोन आले, दोन्ही नको म्हणून सांगायला.

सातव्या दिवशी लेकीने स्वतःच्या खोलीतलं सॉकेट सुलट जोडलं. हीटर लागला, ब्रेकर जागचा हलला नाही. घटकाभरात सरस पातळ झाला. तिने बोर्डाचं झाकण बाबांपुढे धरलं. त्यावर अजून सही नव्हती.

काकांनी कानामागची पेन्सिल काढून तिला दिली. "तूच घाल."

"डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, बाबा. तोवर थांबू. मग तुम्ही घाला."

"डोळे येतील गं," काका म्हणाले. "पण ब्रेकर काढतो म्हणालो, तेव्हा डोळ्यांचा काय संबंध होता?"

लेकीने तारीख घातली, पुढे शून्य काढलं आणि शिडीवर चढून झाकणाचे स्क्रू आवळायला घेतले. काका शिडीचा पाय धरून उभे राहिले.