खिंडीतली खापरं

फोर्तुनाता काय्यो जन्मभर लोकरीसाठी अल्पाकांचा कळप राखत आली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मात्र ती खाणीच्या नव्या रस्त्याआधी जमीन तपासणाऱ्या पुरातत्त्वाच्या पाहणीवाल्यांकडे स्वयंपाक करी.

त्या सकाळी डॉक्टर मिर्ता खुशीत खिंडीतून उतरल्या.

"मावशी, जुनं गाव सापडलं! दगडांच्या ढिगाभोवती नुसती रंगीत खापरं. आता खाणीचा रस्ता तिथून जात नाही. खालून नेतील, तुमच्या आवारावरून."

फोर्तुनाताच्या हातातला डाव थांबला. खिंड ओलांडताना ढिगावर दगड ठेवायचा, शीण तिथेच सोडायचा, अशी इथली रीत. तिच्या आवारात जमिनीतून खापरं वर येत. जनावरांच्या पायांत रुतू नयेत म्हणून ती वेची आणि दगडाऐवजी तीच ढिगावर टाकी. चाळीस वर्षं. आधी सासूही तेच करी.

"डॉक्टरबाई, ती खापरं मी नेलीत वर."

खेचरांवर सामान लादणारा तिचा दीर एलेउतेरियो खो खो हसला. "वहिनी, सूप करपलं तर कधी कबूल करत नाहीस, आणि आज अख्खं गाव उचलून नेलंस म्हणतेस?"

"तू गप रे. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून तूही नेत होतास."

त्याचं हसू मावळलं. मिर्ताबाईंचंही.

"मावशी, उद्या निघायचंय. अहवाल लिहून झालाय. लोक म्हणतील, बाई घर वाचवायला बोलतेय."

"म्हणू देत. वाचवायचंच आहे. पण खोटं बोलत नाही मी. खाली माझ्या आवारात येऊन बघा."

"आणि गुडघे?"

"ते माझे मी बघते."

ती निघालीसुद्धा. उतार आला की बसून सरकायची, पुन्हा उठायची. मागे वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं मागून मिर्ताबाईंची आणि त्यांच्या पाहणीवाल्यांची पावलं ऐकू आली.

आवारात पोचल्यावर तिनं भिंतीचा पाया दाखवला. वरचे दगड तिच्या नवऱ्यानं रचलेले. खालचे घडीव, कुणाचे कोण जाणे. मिर्ताबाई गुडघ्यांवर बसल्या. हातानं माती सारली. तांबड्यावर काळ्या रेघांचं खापर निघालं, मग दुसरं, मग मोजणंच सुटलं.

"रस्त्याचं माझ्या हातात नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "पण हे नकाशावर आल्याशिवाय मी इथून हलत नाही."

खापर दिसेल तिथे रोवायच्या छोट्या झेंड्यांची पिशवी त्यांनी उघडली आणि सगळ्यांना दहा-दहा पावलांवर उभं केलं. फोर्तुनातानंही हात पुढे केला. त्यांनी तिला मूठभर झेंडे दिले. ती रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली, मान खाली घातली आणि चालू लागली.